फटींचा हिशेब

फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, टिपणाऱ्या डिटेक्टरच्या मांडणीचा आराखडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात चौकोन दिसतात. चौकोनांच्या आत चौकोन, त्यांच्या आत आणखी बारीक चौकोन, आणि सगळं इतकं शिस्तीत की यात डोकं खाजवण्यासारखं काय उरलं असेल, असं वाटावं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आता तसा आराखडा समोर आला की माझी नजर आधी चौकोनांमधल्या पांढऱ्या रेघांवर जाते. चौकोनाच्या आत काय असणार हे बहुतेक वेळा फोटॉन टिपणाऱ्या ट्यूब बनवणाऱ्या कारखान्यात ठरून आलेलं असतं. रेघ किती जाड असावी, कुठून जावी आणि तिच्यामागे काय दडलेलं असावं, हे आम्हाला ठरवायचं असतं. महिनेच्या महिने जातात ते तिथे.

त्या रेघा म्हणजे फटी. फटीत पडलेला फोटॉन गेला तो गेला. त्याची कुठेही नोंद होत नाही. कण-भौतिकीच्या एका प्रयोगाच्या अपग्रेडसाठी मी काही वर्षं मॉड्यूलांच्या, म्हणजे ट्यूब एकत्र बसवलेल्या ठोकळ्यांच्या, मांडण्या करत होते. एक मांडणी काढायची, सिम्युलेशनमध्ये तिच्यावर लाखो फोटॉन सोडायचे, किती हाती लागले ते मोजायचं आणि मग फटीतले थोडे मिलिमीटर इकडचे तिकडे करून पुन्हा तेच. बाहेरच्या माणसाला हे काम सांगताना माझी पंचाईत व्हायची. ‘विश्वाची रहस्यं’ वगैरे ऐकायला उत्सुक असलेल्या माणसाला दोन काचांमधल्या तीन मिलिमीटरांची गोष्ट काय सांगणार? पण मला विचाराल तर खरी गंमत त्या तीन मिलिमीटरांतच आहे.

उदाहरणादाखल सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत, एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावर चालणाऱ्या एलएचसीबी प्रयोगातले दोन ‘रिच’ डिटेक्टर घेते. त्यांचं अपग्रेड या विषयातलं नमुनेदार काम आहे आणि त्याची माहितीही खुली आहे. रिच म्हणजे रिंग इमेजिंग चेरेन्कोव्ह. एखादा भारित कण वायूतून जाताना त्या वायूतल्या प्रकाशापेक्षा वेगानं गेला, तर मागे निळसर प्रकाशाचा शंकू सोडतो. चेरेन्कोव्हनं १९३४ मध्ये हे नोंदवलं. फ्रांक आणि ताम यांनी त्याचं गणित मांडलं आणि १९५८ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. शंकूचा कोन कणाच्या वेगावर अवलंबून असतो. गोलीय आरशानं तो प्रकाश एका पृष्ठावर आणला की शंकूचं कडं होतं. कड्याची त्रिज्या मोजली की वेग कळतो. चुंबकीय क्षेत्रात कण किती वळला यावरून संवेग आधीच कळलेला असतो. वेग आणि संवेग हाती आले की वस्तुमान मिळतं, आणि मग सांगता येतं की हा पायॉन होता की केऑन, म्हणजे टकरीतून निघणाऱ्या दोन सारख्या दिसणाऱ्या कणांपैकी कुठला. एलएचसीबीत सगळं भौतिकशास्त्र या ओळखीवर उभं आहे. पायॉनला केऑन समजलात, तर ज्या दुर्मिळ विघटनाच्या शोधात आहात ते आणि त्याच्यासारखं दिसणारं नेहमीचं विघटन यांची सरमिसळ होते.

कोन मात्र अगदी लहान. रिच-१ मधल्या वायूत जास्तीत जास्त तीन अंश, रिच-२ मध्ये दोन अंशांपेक्षाही कमी. आणि एका कड्यातून पकडले जाणारे फोटॉन काही डझन. त्यातले दहा फटींत गेले तर कड्याचा एक तुकडाच नाहीसा होतो. म्हणून फटींचा हिशेब.

पहिल्या पिढीत, म्हणजे अपग्रेडच्या आधी, इथे गोल तोंडाच्या ट्यूब होत्या. हायब्रिड फोटॉन डिटेक्टर. दोन्ही रिचमध्ये मिळून ४८४. समान आकाराची वर्तुळं एका पातळीवर कितीही दाटीनं लावली तरी ९०.७ टक्क्यांपेक्षा जास्त जागा झाकता येत नाही, आणि तीही षटकोनी रचनेतच. चौकोनी जाळीत लावली तर ७८.५ टक्के. हे गणितानं घातलेलं बंधन आहे. कितीही निधी ओतला तरी ते हलत नाही. त्यात ट्यूबच्या काचेची जाडी, भोवतीचं चुंबकीय कवच आणि कडेचा न पाहणारा भाग वजा करत गेलं की आकडा आणखी खाली येतो.

अपग्रेडमध्ये या ट्यूब गेल्या आणि त्यांच्या जागी हामामात्सु या जपानी कंपनीच्या चौकोनी मल्टिॲनोड फोटोमल्टिप्लायर आल्या. एका ट्यूबमध्ये आठ बाय आठ, म्हणजे ६४ पिक्सेल. चौकोनाला चौकोन लावला की फट उरणार नाही असं कुणालाही वाटेल. पण ही ट्यूब म्हणजे निर्वात डबी. तिला भिंती हव्यात. एक इंची जातीच्या अशा ट्यूबची बाहेरची बाजू सुमारे २६.२ मिलिमीटर आणि पाहणारा भाग २३ मिलिमीटर. दोन्हींचे वर्ग करून भागाकार केला की ७७ टक्के येतात. म्हणजे ट्यूब एकमेकींना अगदी घासून बसवल्या तरी शंभरातले तेवीस फोटॉन फक्त भिंतींवर जाणार. उरलेल्या सत्त्याहत्तरांतले, प्रकाशाचा रंग अगदी मनासारखा असेल तर, साधारण एक-तृतीयांशच फोटोकॅथोडमधून, म्हणजे ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या प्रकाशसंवेदी थरातून, इलेक्ट्रॉन सोडवतात. त्यातले काही इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणाऱ्या पहिल्या पट्टीपर्यंत, डायनोडपर्यंत, पोचतच नाहीत. शेवटी शंभरातले चोवीस-पंचवीस हाती लागतात.

या ठिकाणी काही जण म्हणतात, पाऊण भाग असाच जाणार असेल तर फटीतल्या दोन टक्क्यांसाठी एवढा जीव का काढायचा? हा युक्तिवाद मी बैठकींतही ऐकला आहे आणि मला तो कधीच पटला नाही. फोटोकॅथोडमध्ये गमावलेले फोटॉन सगळीकडून सारखे जातात. कडं फिकट होतं, पण राहतं कडंच. फटीतले फोटॉन एकाच रेषेत जातात आणि कड्याला खिंडार पडतं. नुकसान तेवढंच, पण ते कुठे झालं याला इथे महत्त्व आहे.

उलट बाजूही सांगते. कड्यांची ओळख पटवणारा अल्गोरिदम कागदावर कंपासनं वर्तुळ काढावं तसं काही करत नाही. प्रत्येक कणासाठी तो विचारतो, हा पायॉन असता तर कुठल्या पिक्सेलवर किती फोटॉन अपेक्षित होते, केऑन असता तर किती, आणि प्रत्यक्षात काय दिसलं? फट नेमकी कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल, तर तिथे तो काही अपेक्षाच ठेवत नाही. माहीत असलेली फट त्याला फसवत नाही. त्याला फसवतो तो माहीत नसलेला मेलेला पिक्सेल, किंवा आराखड्यातल्या जागेपासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं मॉड्यूल. हे ध्यानात आल्यावर माझा फटींवरचा राग बराच ओसरला. फट कमी करण्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, महत्त्व ती जिथे काढली तिथेच ठेवण्याला आहे. अपग्रेडच्या यांत्रिक रचनेत एवढ्या पिना, खाचा आणि टेकू का असतात, ते मला त्यानंतर कळलं.

फट भरून काढण्याचे उपायही आहेत. ट्यूबसमोर भिंग लावायचं आणि कडेवर पडणारा प्रकाश आत वळवायचा. एलएचसीबीच्या मूळ रचनेच्या काळात पर्यायी योजनेत अशा भिंगांचा विचार झाला होता. कागदावर उपाय सुंदर दिसतो. प्रत्यक्षात भिंग ठराविक कोनांतून येणाऱ्या प्रकाशालाच न्याय देतं, प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परावर्तित होतो, आणि हजारो भिंगं चिकटवायची म्हणजे हजारो ठिकाणी गोंदात बुडबुडा अडकण्याची सोय. नव्या ट्यूबच्या भिंती पातळ झाल्या आणि भिंगांची गरज उरली नाही, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

फटीकडे बघण्याची आणखी एक रीत मला जपानच्या सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या डिटेक्टरनं शिकवली. खाणीत, डोंगराच्या एक हजार मीटर खडकाखाली, ५०,००० टन अतिशुद्ध पाण्याची टाकी आणि तिच्या आतल्या भिंतींवर अकरा हजारांहून जास्त ट्यूब, प्रत्येकीचा व्यास ५० सेंटीमीटर. त्या ७० सेंटीमीटर अंतराच्या चौकोनी जाळीत बसवल्या आहेत. हिशेब करून पाहा, साधारण ४० टक्के भिंत झाकली जाते. म्हणजे निम्म्याहून जास्त भिंत फटच! मांडणीचं एकक म्हणजे २.१ मीटर उंच आणि २.८ मीटर रुंद पोलादी चौकट. तिच्या आतल्या बाजूला बारा ट्यूब आणि पाठीमागे, बाहेर तोंड करून, दोन लहान ट्यूब.

तिथे फटींचं काय केलं आहे? आतल्या बाजूला ट्यूबच्या मधली जागा काळ्या पडद्यानं झाकली आहे. फोटॉन तिथे पडला तर शोषून टाकायचा. त्याला परत फिरू द्यायचं नाही. कारण आतल्या भागात फोटॉन केव्हा आणि कुठून आला यावरून कणाची दिशा काढायची असते, आणि भिंतीवरून उसळून उशिरा पोचलेला फोटॉन खोटी साक्ष देतो. त्याच चौकटीच्या पाठीमागे, बाहेरच्या पाण्यात, नेमकं उलट: तिथे टायव्हेक हे पांढरं, परावर्तक कापड लावलं आहे. बाहेरच्या भागाचं काम एवढंच सांगणं की खडकातून कुणी घुसखोर आला का. हो किंवा नाही. दिशा अचूक नको, म्हणून तिथे फोटॉन दहा वेळा उसळला तरी चालतो, अखेर कुठल्यातरी ट्यूबमध्ये गेला म्हणजे झालं. पाऊण मीटरही खोल नसलेल्या एकाच चौकटीच्या पुढे काळं आणि मागे पांढरं. फट काळी ठेवायची की पांढरी, हे तुम्ही निसर्गाला काय विचारता आहात त्यावर ठरतं. मांडणी शिकवताना मी पहिलं उदाहरण हेच देते.

तिथलंच दुसरं उदाहरण कटू आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी, देखभालीनंतर टाकीत पुन्हा पाणी भरत असताना तळाची एक ट्यूब पाण्याच्या दाबानं आत कोसळली. निर्वात काचेच्या एवढ्या मोठ्या फुग्यात पाणी झेपावलं की धक्क्याची लाट उठते. त्या लाटेनं शेजारची ट्यूब फुटली, तिच्या लाटेनं त्यापुढची, आणि पाहता पाहता साडेसहा हजारांहून जास्त ट्यूबचा चुरा झाला. दोन ट्यूबच्या मधली वीस सेंटीमीटर जागा फोटॉनांसाठी फट होती. धक्क्याच्या लाटेसाठी ती फटच नव्हती, सरळ रस्ता होता. उरलेल्या ट्यूब पसरून लावून २००२ मध्ये जवळजवळ निम्म्या झाकणीवर काम पुन्हा सुरू झालं. २००६ मध्ये भिंती पूर्ववत भरल्या. त्या अपघातापासून प्रत्येक ट्यूबच्या तोंडावर ॲक्रिलिकचा घुमट आणि पाठीवर फायबरग्लासचं कवच असतं. एखादी फुटलीच तर पाणी आत एकदम घुसू नये, लाट उठू नये, यासाठी. ॲक्रिलिकमुळे थोडा प्रकाश जातो. तो जाऊ द्यायचा, यावर नंतर कुणी वाद घातल्याचं मला माहीत नाही.

पुन्हा एलएचसीबीकडे येते, कारण अपग्रेड म्हटलं की एक वेगळीच अडचण उभी राहते. नवा डिटेक्टर बांधताना कोऱ्या कागदावर काम करता येतं. अपग्रेडमध्ये गुहा तीच, चुंबक तेच, चुंबकीय कवचाची भलीमोठी लोखंडी पेटी तीच, आणि पुढे-मागे दुसऱ्या गटांचे डिटेक्टर दाटीनं बसलेले. बदलायचं ते या सगळ्याच्या मधल्या जागेत.

मुळात बदलायचं का होतं, तर जुन्या ट्यूबमध्ये वाचन करणारी चिप ट्यूबच्या आत, निर्वातातच, बंद केलेली होती. त्या काळी ती मोठी हुशारीची रचना होती. मला आजही ती देखणी वाटते. पण ती चिप सेकंदाला दहा लाख घटना वाचू शकायची. अपग्रेडमध्ये ठरलं की एलएचसीमधल्या प्रत्येक टकरीच्या क्षणाचं वाचन करायचं, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, दर २५ नॅनोसेकंदांनी एकदा. चिप बदलायची तर ट्यूब फोडायला हवी. त्यामुळे सगळ्याच ट्यूब बदलाव्या लागल्या. नव्या रचनेत इलेक्ट्रॉनिक्स ट्यूबच्या बाहेर, पाठीमागे ठेवलं आहे, आणि पुढच्या पिढीनं ते बदलायचं ठरवलं तर ट्यूबला हात लावावा लागणार नाही.

दुसरी अडचण गर्दीची. टकरी पाचपट वाढणार, म्हणजे कड्यांवर कडी येणार. रिच-१ च्या मध्यभागी तर एका क्षणी एवढे पिक्सेल उजळतात की कुठला फोटॉन कुणाचा हे सांगणं मुश्किल व्हावं. पिक्सेल लहान करणं हा एक मार्ग, पण बाजारात मिळणारी ट्यूब एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही. मग आरसेच बदलले. गोलीय आरशांची वक्रतात्रिज्या सुमारे २.७ मीटर होती ती ३.७ मीटरच्या आसपास नेली. प्रतिमा मोठी झाली, तेच फोटॉन जवळजवळ दुप्पट क्षेत्रावर पसरले आणि तेच पिक्सेल जणू लहान झाले. आरसा लांबून फोकस करू लागला म्हणून फोटॉन डिटेक्टरांची जागाही मागे सरकली. मांडणीचा प्रश्न मांडणीच्या बाहेर जाऊन सोडवला की मला नेहमी आनंद होतो. आम्ही मॉड्यूलवाले आपल्या चौकोनांत इतके रमतो की आरसा हलवता येतो हे लक्षातच येत नाही.

रिच-२ मध्ये मात्र मांडणीतला माझ्या मते सर्वांत शहाणा निर्णय झाला. तिथे दोन बाजू, प्रत्येक बाजूला बारा स्तंभ, प्रत्येक स्तंभात सहा मॉड्यूल, एकूण १४४. सगळीकडे एक इंची ट्यूब बसवायच्या तर मॉड्यूलमागे सोळा, म्हणजे २,३०४ ट्यूब लागल्या असत्या. पण गर्दी मध्यावर असते, कडेला विरळ होत जाते. शिवाय कडेला येणारी कडी बहुधा कमी संवेगाच्या कणांची, आणि तिथे पायॉन-केऑनच्या कोनांतला फरक ऐसपैस असतो. म्हणून स्तंभातली मधली दोन मॉड्यूल एक इंची ट्यूबची, आणि वरची-खालची मिळून चार मॉड्यूल दोन इंची ट्यूबची. दोन इंची ट्यूबमध्येही पिक्सेल ६४ च, फक्त ते सुमारे सहा मिलिमीटरचे, एक इंचीतल्या २.९ मिलिमीटरच्या दुपटीहून मोठे. एका मॉड्यूलमध्ये अशा चारच मावतात. आता बेरीज करा: ७६८ लहान, ३८४ मोठ्या, मिळून १,१५२. बरोबर निम्म्या! वाचनाच्या वाहिन्या निम्म्या, आणि त्यांच्याबरोबर केबल, उष्णता, खर्चही कमी. वर आणखी नफा असा की मोठ्या ट्यूबमध्ये भिंतींचं प्रमाण कमी, त्यामुळे पाहणारा भाग जास्त. कडेला ट्यूब कमी लावल्या आणि तिथल्या फटीही कमी झाल्या.

हे सगळं चालतं ते मॉड्यूलची बाहेरची मापं दोन्हीकडे एकच ठेवली म्हणून. आत लहान सोळा असोत की मोठ्या चार, स्तंभाला फरक पडत नाही. फरशी बसवणारा कारागीर मधून सुरुवात करतो आणि भिंतीशी उरलेल्या पट्टीत फरशी कापून बसवतो. आम्हाला ती मुभा नाही. निर्वात ट्यूब कापता येत नाही आणि अर्धं मॉड्यूल कुणी बनवत नाही. त्यामुळे मॉड्यूलचं माप एकदा ठरलं की प्रतलाच्या कडा त्या मापाच्या पटीतच येतात, आणि उरलेली पट्टी कुठे सोडायची याचा वाद सुरू होतो. सिम्युलेशनवाले म्हणतात कडेला सोडा, तिथे फोटॉन कमी. केबलवाले म्हणतात कडेला आमचे कनेक्टर येतात, तिथे हात लावायचा नाही. दोघांचंही बरोबर असतं.

आमच्या गटात एक ज्येष्ठ यांत्रिक अभियंते होते. आराखडा समोर ठेवला की ते तो न बघताच विचारायचे, “इथे बोट कुठून जाणार?” पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नव्हता. मी त्यांना सांगत होते की मॉड्यूलमधली फट एवढी कमी केली की पाहणारा भाग दीड टक्क्यानं वाढतो.

“वाढू दे,” ते म्हणाले. “ट्यूब खराब झाली तर काढणार कशी ते सांग.”

“मागून, कनेक्टर सोडवून.”

“कनेक्टर सोडवायला बोटं लागतात. बोटांना जागा लागते. हातमोजे घातलेल्या बोटांना जास्त लागते. आणि ते तू करणार नाहीस, पाच वर्षांनी दुसरंच कुणीतरी करणार आहे. घाईत असेल, उकडत असेल आणि वर कुणीतरी घड्याळ बघत उभं असेल.”

“तुम्ही ही फट किती ठेवाल?”

“मी आधी एक लाकडी मॉड्यूल बनवीन.”

आणि त्यांनी बनवलंही. लाकडाच्या त्या खोट्या मॉड्यूलात आम्ही आळीपाळीनं हात घालून पाहिले. संगणकाच्या पडद्यावर सहज निघणारा एक कनेक्टर प्रत्यक्षात मनगट नको तितकं वाकवल्याशिवाय निघेना. त्या दिवशी फट थोडी वाढली आणि माझा दीड टक्का गेला. त्या दीड टक्क्याबद्दल आज मला काही वाटत नाही.

बोटांखेरीज फटीवर हक्क सांगणारे बरेच असतात. उष्णता हा त्यातला मोठा दावेदार. दाटीनं बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता बाहेर काढावी लागते, नाहीतर ट्यूबची आपोआप होणारी खोटी नोंद वाढते आणि बोर्डही कुरकुरू लागतात. म्हणून स्तंभाच्या कण्यातूनच शीतक द्रव फिरवावा लागतो, आणि द्रव आला की गळतीची भीती आली, सांधे आले, सांध्यांना पाना लावायची जागा आली. चुंबकीय क्षेत्र हा दुसरा. मोठ्या लोखंडी कवचाच्या आतही थोडं क्षेत्र झिरपतंच, आणि ट्यूबमधले इलेक्ट्रॉन तेवढ्यानंही भरकटतात, त्यातही कडेच्या पिक्सेलांतले जास्त. म्हणून ट्यूबभोवती म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूची पातळ चौकट बसवावी लागते. ती ट्यूबच्या तोंडापुढे जितकी काढाल तितकं संरक्षण चांगलं, पण तिरक्या येणाऱ्या फोटॉनांवर तिची सावली तितकीच लांब पडते. कडेच्या पिक्सेलांना वाचवायला लावलेली चौकट कडेच्याच पिक्सेलांवर अंधार पाडते. यात बरोबर उत्तर नसतं. सिम्युलेशन एक वक्र काढून देतं, त्या वक्राला एक सपाट माथा असतो, आणि माथ्यावर कुठे उभं राहायचं हे कारागिराला विचारून ठरवायचं असतं, कारण पत्रा वाकवणार तो.

मांडणी केवळ भूमितीची असती तर काम इथे संपलं असतं. पण एकाच जातीच्या ट्यूब मुळीच एकसारख्या नसतात. त्याच व्होल्टेजला एक ट्यूब दुसरीच्या दुप्पट-तिप्पट संकेत देते, आणि एका मॉड्यूलमधल्या ट्यूबना हाय व्होल्टेज सामाईक असतं. मग सारख्या ताकदीच्या ट्यूब निवडून एकत्र बसवाव्या लागतात. एलएचसीबीच्या दोन्ही रिचमध्ये मिळून सुमारे तीन हजार ट्यूब. त्यातली प्रत्येक वेगवेगळ्या चाचण्यांतून गेलेली, प्रत्येकीचा क्रमांक आणि स्वभाव नोंदलेला. कुठली कुठे बसणार याची यादी हाही आराखड्याचाच भाग असतो, पण तो चित्रात दिसत नाही. फोटॉन जास्त पकडणाऱ्या उत्तम ट्यूब कुठे ठेवाव्यात, यावर माझं मत साधं आहे: जिथे गर्दी आहे तिथे. काही जण त्या सगळीकडे सारख्या वाटाव्यात असं म्हणतात, म्हणजे डिटेक्टर एकजिनसी राहतो आणि विश्लेषण करणाऱ्याचं डोकं दुखत नाही. मला ते आळसाचं वाटतं. विश्लेषण करणाऱ्याकडे नकाशा असतोच.

समुद्रात आणि बर्फात डिटेक्टर उभारणाऱ्यांचे फटींचे प्रश्न पाहिले की आपले फार घरगुती वाटू लागतात. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो डिटेक्टरमध्ये एक घन किलोमीटर बर्फात ५,१६० काचगोल आहेत, प्रत्येकात खाली तोंड केलेली एक मोठी ट्यूब. हे काचगोल ओवलेल्या दोन दोऱ्यांमध्ये १२५ मीटरची फट! तिथे बर्फच डिटेक्टर आहे, त्यामुळे हे चालतं. भूमध्य समुद्रातल्या केएमथ्रीनेट या तशाच डिटेक्टरनं वेगळी वाट धरली: एका काचगोलात एका मोठ्या ट्यूबऐवजी तीन-तीन इंची ३१ ट्यूब, सगळ्या दिशांना तोंडं केलेल्या, आणि प्रत्येकीच्या भोवती परावर्तक कडं, म्हणजे दोन ट्यूबच्या मधला प्रकाशही आत वळावा. आइसक्यूबच्या अपग्रेडसाठीच्या एका नव्या मॉड्यूलात अशाच २४ ट्यूब आहेत. दुसऱ्या एका मॉड्यूलात दोनच आहेत, एक वर आणि एक खाली बघणारी, आणि आकार अंड्यासारखा लांबट. लांबट का? कारण गरम पाण्यानं बर्फात भोक पाडताना व्यास वाढला की इंधन वाढतं, आणि ध्रुवावर इंधन म्हणजे सोनं. काचेचा आकार भोकानं ठरवला. भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचून हे कुणाला सुचणार नाही.

एलएचसीबीत आता पुढच्या, दुसऱ्या अपग्रेडची तयारी चालू आहे. ते २०३० च्या दशकाच्या मध्याकडे बसेल अशी योजना आहे. टकरी आणखी कित्येक पटींनी वाढणार. पिक्सेल मिलिमीटरच्या घरात आणायचा, आणि शिवाय प्रत्येक फोटॉन केव्हा आला हे पिकोसेकंदांच्या, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागांच्या, भाषेत सांगायचं. एका कणाचे सगळे फोटॉन डिटेक्टरवर जवळजवळ एकाच वेळी पोचतात, आणि ती वेळ आधी काढता येते. वेळ जुळत नसेल तर तो फोटॉन दुसऱ्या कुणाचा. या कामासाठी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे फोटॉन टिपणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या, हे मोठे उमेदवार आहेत. निर्वात डबी नाही, काचेच्या भिंती नाहीत, चुंबकीय क्षेत्राची फिकीर नाही. वर्षानुवर्षं आम्ही ज्या फटींशी झगडलो त्या एका फटक्यात जाणार, असं प्रथमदर्शनी वाटतं.

पण हे सिलिकॉन अंधारातही बडबडतं, फोटॉन नसतानाही खोटे संकेत देतं. किरणोत्सर्गाचा, विशेषतः न्यूट्रॉनांचा, मारा होत गेला की ही बडबड वाढतच जाते, आणि ती आटोक्यात ठेवायला ते शून्याच्या खूप खाली थंड करावं लागतं. थंड केलं की भोवतीच्या हवेतली वाफ त्यावर गोठणार, म्हणून कोरडा नायट्रोजन खेळवायचा, समोर खिडकी लावायची. बाहेरची पेटी मात्र गार पडता कामा नये, म्हणून उष्णतारोधक थर द्यायचा, आणि त्या थराला जाडी असते. गार झाल्यावर धातू आकसतो, सिलिकॉन कमी आकसतो, म्हणून दोघांमध्ये सरकायला जागा सोडायची. काचेच्या भिंती गेल्या आणि त्यांच्या जागी इतके जण हक्क सांगायला आले.

अशा कामात पहिला आराखडा काढताना मॉड्यूलमधली फट शून्य धरतात. ती शून्य राहणार नाही, हे काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण सुरुवात शून्यापासून केली की पुढे प्रत्येक दशांश मिलिमीटर कुणी मागितला आणि कशासाठी, याची नोंद राहते. शीतकवाल्यांनी किती नेले, कवचानं किती, आकसण्यासाठी किती. बोटांसाठीचा रकाना त्या तक्त्यात सहसा नसतो. मी तो पहिल्याच दिवशी घालून ठेवते.